सव्वीस जुलैची गोधडी

आपल्या सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र आलेलाच आहे. नोंदणी कधी झाली, पहिली सर्वसाधारण सभा कुठे भरली, बोअरवेलला पाणी कसं लागलं, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, हे सगळं आजी-माजी पदाधिकाऱ्यांनी तपशीलवार लिहिलं आहे. ते लिहायलाच हवं होतं. मला मात्र समितीने "तुम्ही इतिहासाच्या बाई, तुम्हीही काहीतरी द्या" एवढंच सांगितलं. म्हणून मी वेगळा विषय घेतला आहे. आपल्या हॉलच्या भिंतीवर जी मोठी गोधडी टांगलेली आहे, तिचा हा इतिहास.

मुलं तिच्याखाली कॅरम खेळतात. नवीन राहायला आलेल्यांना ती प्रदर्शनातून आणलेली शोभेची वस्तू वाटते. ती विकत आणलेली नाही. ती इथल्या बायकांनी शिवली आहे, आणि तिच्यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या अंगावरचा आहे.

आधी गोधडीविषयी थोडं. गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवलेलं पांघरूण. कुठे तिला वाकळ म्हणतात, कुठे लेपटं. बाळासाठी शिवलेलं ते दुपटं. वर-खाली धड लुगडी, आत विटकी धोतरं, चादरी, फाटके परकर, आणि कडेला जमेल तसा लुगड्याचा काठ. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, आणि शंभर वेळा धुतल्यामुळे मऊ झालेलं. त्यामुळे एका लुगड्यात गोधडीचं बरंच काम होतं. नवं कापड गोधडीला चालत नाही असं नाही, पण त्याला ती ऊब येत नाही, असं शिवणाऱ्या बायका सांगतात.

ही कला गरिबीतून आली हे खरं. पण ती नुसती गरिबीची नव्हे. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. मगधातली बांधबंदिस्ती केलेली शेतं बघून बुद्धांनी आनंदाला तसं वस्त्र बेतायला सांगितलं, अशी कथा विनयपिटकात आहे. नाथपंथी आणि बैरागी यांच्या अंगावर कंथा असे. त्याच शब्दावरून बंगालात 'काँथा' झालं. तिथल्या बायकांनी जुन्या साड्यांच्या थरांवर झाडं, पालख्या, मासे, रथ असं सगळं भरलं. कवी जसीमुद्दीन यांच्या १९२९ सालच्या 'नक्षी काँथार माठ' या बंगाली काव्यातली नायिका आपलं सगळं आयुष्य एका गोधडीवर भरते आणि ती आपल्या कबरीवर घालायला सांगते. बिहारमध्ये सुजनी आहे, सिंधमध्ये रल्ली आहे. आपल्या शेजारी कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे तुकडे लावतात. त्यांना त्या 'फुलं' म्हणतात. फुलं नसतील तर गोधडी उघडीच राहिली, असं त्या मानतात. आपल्या गोधडीच्या चार कोपऱ्यांना जे रंगीत त्रिकोण दिसतात ते तिथून आले. आपल्याकडच्या एक काकू हल्याळच्या, त्यांनी ते शिकवले.

आता आपली गोधडी कशी झाली ते.

२६ जुलै २००५ हा दिवस जुन्या मंडळींना सांगायला नको. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे पुढे सगळ्यांना पाठ झालं. आपल्याकडे उल्हास आणि वालधुनी, दोन्ही नद्यांना पूर आला. संध्याकाळपर्यंत आपल्या तळमजल्यावरच्या सगळ्या घरांत छातीइतकं पाणी होतं. सोसायटी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. लोकल बंद, फोन बंद, कामावर गेलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुळांवरून चालत आली. तळमजल्याची कुटुंबं वरच्या घरांमध्ये राहिली. कुणाच्या घरी किती माणसं जेवली याची मोजदाद नव्हती.

पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. फ्रीज, टीव्ही, गाद्या, धान्य यांची यादी झाली. कपड्यांचं मात्र कुणी फारसं विचारलं नाही. लोखंडी कपाटांच्या खालच्या कप्प्यांत ठेवणीतल्या साड्या असतात. लग्नातला शालू, आईने दिलेली इरकल, सासूचं लुगडं, बाळंतविड्यातली दुपटी, सगळं चिखलाने माखून एक गोळा झालेलं. गच्चीवर बायकांनी ते गरम पाणी आणि डेटॉल घालून पुन्हा पुन्हा धुतलं. रोगराईची धास्ती होती, लेप्टोचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तसे ते कपडे वाळत घालायचे. वास गेला, पण मातीचा पिवळट डाग काही गेला नाही. नेसण्याजोगं फारच थोडं उरलं. टाकायला कुणाचं मन होईना, आणि घालायला येईना.

तळमजल्यावर तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एक आजी मुलाकडे राहत होत्या. त्या म्हणाल्या, "रडता कशाला? वाकळा शिवू. थंडी यायच्या आत अंगावर घेऊ." एवढंच ते निमित्त. दिवाळीनंतर दुपारी दोन ते चार, गच्चीवर टाकीच्या सावलीला, बायका बसायला लागल्या.

पहिल्या दोन महिन्यांत तळमजल्याच्या घरांसाठी गोधड्या झाल्या. शिवायची पद्धत आजींनीच घालून दिली. आधी जमीन झाडून अस्तराचं लुगडं ताणून अंथरायचं, चारही बाजूंना वजन ठेवायचं. मग आतले थर, सुरकुती न पडता. वरचं कापड सगळ्यात शेवटी. मग लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवायचे आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा. एका गोधडीला चार जणी चार बाजूंना बसतात. प्रत्येकीचा टाका वेगळा असतो. कुणाचा तांदळाएवढा, कुणाचा लांबट. आजी म्हणायच्या, टाका बघून सांगते की बाई घाईत होती की निवांत.

या बसण्यातूनच बोलणं सुरू झालं. आम्ही पाच वर्षं एका जिन्यावरून चढत-उतरत होतो. एकमेकींना 'बी-दोनच्या वहिनी', 'जोशीकाकूंच्या समोरच्या' असंच ओळखत होतो. हात कामात असले आणि नजर सुईवर असली की तोंडातून ते निघतं, जे समोरासमोर बसून कधी निघत नाही. पूर्वी हे जात्यावर होत असे. पहाटे दोघी जणी जात्याला बसायच्या आणि ओव्यांमधून माहेर, सासर, भाऊ, सवत सगळं यायचं. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या उगाच नाही. पिठाची गिरणी आली आणि जातं गेलं. ते चांगलंच झालं, कष्ट वाचले. पण बोलायची जागाही गेली.

शिवणकामाच्या निमित्ताने जमलेल्या बायकांनी जगात मोठी कामं केली आहेत, हे मी त्या काळात वाचत गेले आणि गच्चीवर सांगत गेले. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९६६ साली कृष्णवर्णीय बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची गोधड्यांची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून तिथल्या कित्येकांना मालकांनी जमिनीवरून हुसकावलं होतं. या संस्थेने जमीन घेतली, शिवणकेंद्र बांधलं आणि हुसकावलेल्या काही कुटुंबांना घरासाठी त्यातले तुकडे दिले. गोधडीतून उभी राहिलेली ही घरं. चिलीमध्ये १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर माणसं नाहीशी होऊ लागली. त्यांच्या आया-बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली आणि ती परदेशी पोचवली. छापायला बंदी होती, शिवायला कोण बंदी घालणार? हे ऐकून आमच्यातल्या एक जणी म्हणाल्या, "मग आपण पण एक मोठी शिवू. ज्याच्यात सगळ्या असतील अशी."

हॉलमधली गोधडी ती ही. अट एकच होती. प्रत्येकीने एक तुकडा द्यायचा आणि तो कुठला ते शिवताना सांगायचं.

सुरुवात सोपी नव्हती, तेही लिहायला हवं. कुणाचं जुनेर कुणाच्या तुकड्याला जोडायचं, यावरून कुजबूज झाली. "वापरलेलं कापड, कुणाकुणाचं काय माहीत," असं एक-दोघी म्हणाल्या. त्या शब्दांत जात होती, हे सगळ्यांना कळत होतं. आजींनी वाद घातला नाही. पुराच्या चिखलातून निघालेल्या कपड्यांचा ढीग मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "यातलं कोणाचं कोणतं, ओळखून घ्या." गोळ्यात एक झालेल्या त्या कपड्यांत कुणालाच आपलं ठामपणे ओळखता येईना. त्यानंतर एक बाई कायमच्या यायच्या बंद झाल्या. बाकीच्या बसल्या.

आता काही तुकड्यांविषयी. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळचा जाड, करडा तुकडा हा गिरणी कामगाराच्या शर्टाचा आहे. तो देणाऱ्या मावशी लालबागच्या चाळीत लग्न होऊन आल्या, खोलीत नवरा, दोन दीर आणि खाणावळीची आठ माणसं. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण करून घालणं हे गिरणगावात हजारो बायकांचं पोट होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. सहा महिन्यांत खाणावळीची माणसं गावाला गेली, उधारी राहिली ती राहिलीच. मावशी म्हणायच्या, "संपावर पुरुष गेले असं सगळे लिहितात. चूल माझी बंद झाली, मी कुठल्या संपावर होते?" हा प्रश्न मी पुढे वर्गात दरवर्षी मुलांना घातला.

मधला निळा, कडेला जरा जळल्यासारखा दिसणारा काठ १९७२ च्या दुष्काळातल्या लुगड्याचा. त्या आजींचाच. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, तान्हं मूल बांधाच्या सावलीला ठेवून. सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन दिवस काढले. आपल्या राज्यातली रोजगार हमी योजना त्याच दुष्काळातून उभी राहिली. पुस्तकात ती एक योजना असते. आजी हाताची नखं दाखवायच्या. डाव्या अंगठ्याचं नख त्यांना पुन्हा सरळ आलंच नाही.

खालच्या बाजूला बारीक फुलांचं लाल कापड आहे, ते औसा तालुक्यातल्या वहिनींचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या माहेरची चार माणसं गेली. दगड-मातीची जाड भिंत, वर मातीचा धाबा, तोच अंगावर आला. वहिनी मुंबईला होत्या म्हणून राहिल्या. ढिगाऱ्यातून आईचं एक पातळ मिळालं, त्याचा हा तुकडा. बारा वर्षांत त्यांनी तो ट्रंकेतून बाहेर काढला नव्हता. शिवताना त्यांनी गोष्ट सांगितली नाही. टाके पुरे झाल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितली, आणि त्या दिवशी कुणी चहाला उठलं नाही.

चकचकीत चौकोनांची जी पट्टी आहे ती सिंधी आंटींची. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब कल्याण कॅम्पात आलं, तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. त्या कॅम्पाचं उल्हासनगर हे नाव १९४९ मधलं. सामानात एक रल्ली होती. बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये तीच पडदा म्हणून टांगलेली असायची. आंटींना मराठी समजायचं पण बोलायचा संकोच वाटायचा. या गच्चीवर त्या बोलायला लागल्या, आणि रल्लीचे त्रिकोण कसे कापायचे ते आम्हाला शिकवताना आमचीच मराठी सुधारू लागल्या.

आणि एक तुकडा पूर्ण पांढरा आहे. तो ज्यांनी दिला त्यांनी काहीही सांगितलं नाही. "सांगण्यासारखं नाही," एवढंच म्हणाल्या. अट मोडली म्हणून एक जण कुरकुरल्या. बाकीच्यांनी ठरवलं की पांढरा तुकडा मध्यभागी लावायचा. त्या बाई शेवटपर्यंत रोज येत राहिल्या. आज त्या नाहीत. आम्हाला माहीत नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, दुपारचा वेळ बरा गेला. पण या बसण्याने आपल्या सोसायटीच्या कारभारातही एक गोष्ट घडवली. २००९ मध्ये आमच्यातल्या एकीचे यजमान अचानक गेले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनेशन भरलेलं नाही. तेराव्याच्या आतच सासरचे लोक कागद मागायला लागले. वहिनींना शेअर सर्टिफिकेट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आम्ही सहा जणी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो, एका वकीलबाईंकडे गेलो, वर्तमानपत्रातली नोटीस, वारसांची कागदपत्रं, हमीपत्र सगळं केलं. आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत त्यांच्या घरी रोज कुणीतरी झोपायला असे, म्हणजे दाराशी येणाऱ्याला त्या एकट्या नाहीत हे दिसावं. फ्लॅट त्यांच्या नावावर झाला. त्या आजही इथेच राहतात.

त्यानंतर गोधडीवाल्या बायका घरोघरी नॉमिनेशनचे फॉर्म घेऊन फिरल्या. तीन प्रतींत भरायचे, एक प्रत सोसायटीचा शिक्का घेऊन घरी ठेवायची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसाहक्क वेगळा ठरतो, हेही समजावून सांगायचं. बायकोचं नाव सहसभासद म्हणून लावता येतं, हे अनेक घरांत तेव्हा पहिल्यांदा कळलं. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत दार लोटलं गेलं. पुढे सहकार कायद्यात २०१३ साली बदल होऊन समितीवर स्त्रियांसाठी दोन जागा राखीव झाल्या, तेव्हा आपल्याकडे उमेदवार शोधावे लागले नाहीत. दोघीही गच्चीवरच्याच होत्या.

या लेखात मी कुणाचं नाव दिलेलं नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. नावं आहेत. गोधडीची मागची बाजू कुणी पाहिली आहे का? तिथे प्रत्येकीने आपल्या तुकड्याच्या पाठीमागे दोऱ्याने आपलं नाव शिवलं आहे. नुसतं नाव. सौ. नाही, आडनाव नाही. कोणतं नाव घालायचं, यावर आठवडाभर चर्चा चालली होती. लग्नात ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव, की आईने हाक मारायचं ते? बहुतेकींनी माहेरचं घातलं. दोघींनी दोन्ही घातली. आजींना लिहिता येत नव्हतं. नातीने पेन्सिलने अक्षरं काढून दिली आणि आजींनी त्यावरून टाके घातले. चष्मा लावून, तीन दुपारी. त्या नावाने त्यांना या इमारतीत कुणीही कधी हाक मारली नव्हती.

गोधडी शिवणाऱ्या सतरा जणींपैकी आज इथे सात आहोत. काही गेल्या, काही मुलांकडे पुण्याला, बंगळुरूला, एक तर थेट न्यू जर्सीला. दुपारचं बसणं गेल्या काही वर्षांत बंदच पडलं आहे. डोळे साथ देत नाहीत, गुडघे गच्चीपर्यंत चढू देत नाहीत. तरुण मुली दुपारी कामावर असतात आणि घरी असल्या तरी कामातच असतात. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. पण त्यांनाही बोलायला जागा लागतेच. ती जागा मोबाइलच्या ग्रुपवर नाही, हे त्या स्वतःच मला लिफ्टमध्ये सांगतात.

पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. होईल तेव्हा होईल. नव्या इमारतीत क्लबहाऊस असेल, तिथे ही गोधडी नीट लागावी अशी आम्हा सात जणींची विनंती आहे. काचेत बंद करू नका, कापडाला वारा लागतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तिला सावलीत वाळवा. आत कडुलिंबाचा पाला ठेवा. धुवायची वेळ आली तर मशीनमध्ये मुळीच घालू नका.

रौप्यमहोत्सवाच्या तीन दिवसांत गोधडी उलटी टांगायचं ठरलं आहे, म्हणजे नावं सगळ्यांना वाचता येतील. खाली एक वही असेल. ज्या घरांत या सतरा जणींच्या लेकी, सुना, नातवंडं आहेत, त्यांनी आपल्याला माहीत असलेलं त्यात लिहावं. शाई कुठलीही चालेल, शुद्धलेखन मी तपासणार नाही. आणि आमच्यानंतर राहायला आलेल्यांनीही घरातलं एक जुनं कापड घेऊन यावं. सुई, दोरा आणि कात्री मी आणते. शनिवारी दुपारी तीनला, हॉलमध्ये. गुडघ्यांमुळे आता खुर्च्यांवर बसावं लागेल, पण टाका तोच.